हवाई दलानंतरची वैमानिकी : पुन्हा उजव्या सीटवर

गेल्या महिन्यात जोरहाटहून एका ज्युनियरचा फोन आला. मुलगी मूळची सांगली जिल्ह्यातली, हवाई दलाच्या एएन-३२ या मालवाहू विमानाची कॅप्टन, शॉर्ट सर्व्हिसवाली. "मॅम, माझी अडीच वर्षे राहिली आहेत. एअरलाइनचे आत्ताच बघायला घेऊ, की अजून वेळ आहे?" मी तिला सांगितले की सहा महिने उशीरच झाला आहे. पलीकडे क्षणभर शांतता पसरली आणि मग वहीचे पान उलटल्याचा आवाज आला. पुढे तास-सव्वा तास आम्ही जे बोललो ते फोनवरच विरून जाऊ नये, म्हणून ते येथे जरा सविस्तर लिहीत आहे. असे फोन मला वर्षातून पाच-सहा तरी येतात आणि दर वेळी मी निम्म्या गोष्टी सांगायला विसरते.

शॉर्ट सर्व्हिस कमिशनची, म्हणजे ठरावीक मुदतीच्या अधिकारपदाची, एक गंमत अशी की नोकरीची शेवटची तारीख पहिल्याच दिवशी ठाऊक असते. मला २००५ साली दुंडिगलच्या हवाई दल अकादमीत कमिशन मिळाले आणि १४ वर्षांची मुदत २०१९ च्या मध्यावर संपली. पेन्शनला लागणारी २० वर्षे होणार नव्हतीच, त्यामुळे हातात आली ती ग्रॅच्युइटी, भविष्य निर्वाह निधी आणि निरोपाच्या पार्टीत मिळालेली एक सुंदर लाकडी ढाल. वय होते ३६. एअरलाइनच्या वैमानिकाला वयाच्या ६५ व्या वर्षापर्यंत उड्डाण करता येते. म्हणजे पुढे २९ वर्षे होती, हवाई दलातल्या सेवेच्या बरोबर दुपटीहून जास्त. हा साधा हिशेब मी फार उशिरा केला. आपल्याकडे या सगळ्याला "रिटायरमेंटनंतरची सोय" म्हणतात, आणि तो शब्दच घात करतो. सोय शेवटच्या वर्षात लागते. २९ वर्षांची कारकीर्द तशी लागत नाही.

सुरुवात लॉगबुकापासून, म्हणजे उड्डाणाच्या तासांच्या नोंदवहीपासून, करावी लागते. हवाई दलात आपण लॉगबुक मोठ्या शिस्तीने भरतो. महिनाअखेरीस बेरीज होते, फ्लाइट कमांडरची सही होते, सीओंची, म्हणजे कमांडिंग ऑफिसरची, सही होते आणि पुस्तक पुन्हा कपाटात जाते. आपण ते भरतो, वाचत मात्र कधीच नाही. डीजीसीए, म्हणजे परवाना देणारे नागरी विमान वाहतूक महासंचालनालय, जेव्हा तुमचे तास मागते तेव्हा तिला एअर मेंटेनन्सच्या, म्हणजे दुर्गम भागात विमानातून रसद टाकण्याच्या, किती सॉर्टी (उड्डाणे) केल्या किंवा पॅराड्रॉप किती केले यात रस नसतो. तिला हवे असते पायलट-इन-कमांड, म्हणजे विमानाचा प्रमुख वैमानिक, म्हणून किती, को-पायलट म्हणून किती, रात्रीचे किती, इन्स्ट्रुमेंटवर किती आणि क्रॉस-कंट्री किती. एअरलाइन ट्रान्सपोर्ट पायलट लायसन्ससाठी, म्हणजे एटीपीएलसाठी, एकूण १५०० तास लागतात हे सगळ्यांना पाठ असते. पण त्या १५०० च्या पोटात प्रत्येक प्रकारचे वेगळे किमान तास असतात आणि गाडी अडते ती तिथे.

माझे तास ३१०० च्या वर होते, त्यामुळे मी निर्धास्त होते. एके संध्याकाळी मेसच्या खोलीत टेबलावर दोन्ही लॉगबुके, एक लांब रजिस्टर आणि कॅल्क्युलेटर घेऊन बसले, आणि ते काम पुढे अकरा संध्याकाळी चालले. २०११ च्या एका पानावरची बेरीज पुढच्या पानावर नेताना मी १ तास ४० मिनिटे चुकले होते आणि ती चूक पुढची आठ वर्षे प्रत्येक महिन्याच्या सहीखाली सुखाने नांदत होती. ज्या सीओंनी त्या पानावर सही केली होती ते केव्हाच निवृत्त होऊन डेहराडूनला आंब्याची झाडे लावत होते. युनिटमध्ये असताना अशी दुरुस्ती प्रमाणित करून घेणे दोन दिवसांचे काम असते. बाहेर पडल्यावर त्याच कामाला दोन महिने लागतात आणि तेही कोणी ओळखीचे भेटले तर.

दुसरी अडचण क्रॉस-कंट्रीची. माझ्या शेकडो सॉर्टी जोरहाटहून निघून अरुणाचलातल्या कुठल्या तरी दरीत तांदळाची पोती आणि रॉकेल टाकून पुन्हा जोरहाटलाच उतरलेल्या. डोंगरातून तीन तास फिरून आलेल्या माणसाला हे क्रॉस-कंट्री नाही असे सांगितले तर त्याला हसू येईल. पण कागदावर निघण्याचे ठिकाण आणि उतरण्याचे ठिकाण एकच दिसते. मी अशा सगळ्या सॉर्टी सरळ बाजूला काढल्या आणि एका तळावरून दुसऱ्या तळावर गेलेली उड्डाणेच त्या रकान्यात धरली. आकडा कमी झाला, तरी पुरेसा होता, आणि एकाही ओळीवर कोणी बोट ठेवले नाही. ज्युनियरना माझे हेच सांगणे असते की शंकास्पद तास मोजून आकडा फुगवू नका. परवान्याच्या अर्जातला खोटा तास ही चूक मानली जात नाही. तो गुन्हा मानला जातो.

याहून मोठी चूक मी केली ती शेवटच्या पोस्टिंगची. परवान्यासाठी नुसते एकूण तास पुरत नाहीत, अर्जाच्या आधीच्या सहा महिन्यांत ठरावीक तास झालेले असावे लागतात. कमर्शियल लायसन्सचे, म्हणजे सीपीएलचेच पाहा : एकूण २०० तास, त्यांत १०० पायलट-इन-कमांड म्हणून, आणि त्या १०० पैकी १५ तास अर्जाच्या आधीच्या सहा महिन्यांतले. मला शेवटच्या वर्षी एका मुख्यालयात टेबलाची पोस्टिंग मिळाली होती. घर पुण्याजवळ, शनिवार-रविवार सुट्टी, मुलाची शाळा जवळ. मी खूश होते. फाइली सरकवताना विमान मात्र हातातून सुटले होते. जुन्या स्क्वाड्रनच्या सीओंनी समजून घेतले, म्हणून करन्सीच्या, म्हणजे उड्डाणाचा सराव टिकवण्याच्या, निमित्ताने मला ते तास पुरे करता आले; नाहीतर बाहेर पडून एखाद्या फ्लाइंग क्लबात तासाचे पैसे भरून सेस्ना उडवण्याची पाळी आली असती. सेस्ना उडवण्यात कमीपणा नाही, पण ज्याने सत्तावीस टनांचे विमान रोज उचलले आहे त्याने ते पैसे मुलाच्या फीसाठी ठेवावेत.

आता कागदांविषयी, कारण सगळ्यात जास्त वेळ तेच खातात. डीजीसीएच्या परीक्षेला बसण्यापूर्वी कॉम्प्युटर नंबर, म्हणजे परीक्षार्थीचा नोंदणी क्रमांक, घ्यावा लागतो आणि त्यासाठी दहावी-बारावीच्या गुणपत्रिकांची बोर्डाकडून पडताळणी करून आणावी लागते. बारावीला भौतिकशास्त्र आणि गणित असणे आवश्यक. सातारा, सांगली आणि कोल्हापूर या तिन्ही जिल्ह्यांचे विभागीय मंडळ कोल्हापूरला आहे, तेव्हा माझी गुणपत्रिका घेऊन माझे वडील एसटीने कोल्हापूरला गेले. आकाशात १४ वर्षे काढलेल्या मुलीचा सगळा पुढचा मार्ग त्या दिवशी त्यांच्या कापडी पिशवीत होता.

त्यात नावाचा घोळ. दहावीच्या दाखल्यावर माहेरचे नाव, सर्व्हिस रेकॉर्डमध्ये लग्नाआधीचे आडनाव आणि पुढे बदललेले सासरचे आडनाव, आधारवर सासरचे नाव, पासपोर्टवर माहेर-सासर दोन्ही. आपल्याकडे लग्नानंतर मुलीचे मधले नावही बदलते हे दिल्लीतल्या संगणकाला कसे पटावे? माझा पहिला अर्ज याच कारणाने परत आला आणि दोष पूर्णपणे माझा होता, कारण सगळी कागदपत्रे शेजारी-शेजारी ठेवून मी कधी पाहिलीच नव्हती. राजपत्रातली नावबदलाची नोंद, विवाह नोंदणीचा दाखला आणि प्रतिज्ञापत्र हे तिन्ही जोडल्यावर काम झाले. मुलींनी हे काम पहिल्या महिन्यात उरकावे. मुलग्यांना या बाबतीत आयुष्य फार सोपे आहे.

परीक्षांविषयी मी फार लिहिणार नाही. नेव्हिगेशन, मिटिऑरॉलॉजी, रेग्युलेशन्स, टेक्निकल हे विषय सर्वांना माहीत आहेत. उत्तीर्ण व्हायला ७० टक्के लागतात, आणि लष्करी वैमानिकांना ज्या काही सवलती आहेत त्या त्या-त्या वेळच्या नियमांत वाचूनच घ्याव्यात, सिनियरच्या आठवणीवर विसंबू नये. आठवण किती लवकर शिळी होते याचा नमुना म्हणजे रेडिओ टेलिफोनीची आरटीआर परीक्षा. आमच्या वेळी ती दूरसंचार विभागाकडे होती; जानेवारी २०२५ पासून लागू झालेल्या भारतीय वायुयान अधिनियमाने तो अधिकार नागरी विमान वाहतुकीच्या बाजूला आणला. त्या परीक्षेबद्दल मी दिलेला सल्ला आज ऐकाल तर चुकीच्या दारात उभे राहाल. आपल्याला वाटते की वर्षानुवर्षे रेडिओवर बोलतो आहोत, यात शिकण्यासारखे काय? माझ्या बरोबरचा एक चांगला वैमानिक याच समजुतीपायी आरटीआरला दोनदा नापास झाला. रेडिओवर आपण एकमेकांशी घरच्यासारखे बोलत असतो आणि परीक्षकाला पुस्तकातले वाक्य हवे असते.

वैद्यकीय तपासणीचे भय मात्र उगाच मोठे करून ठेवलेले असते. हवाई दलातली ए१जी१ ही वैद्यकीय श्रेणी आणि नागरी वैमानिकाचे क्लास वन वैद्यकीय प्रमाणपत्र या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, पण तपासणारी ठिकाणे बरीचशी ओळखीचीच : दिल्लीतले एएफसीएमई, बंगळुरूचे आयएएम. एएन-३२ च्या दोन टर्बोप्रॉपच्या शेजारी इतकी वर्षे बसल्यामुळे माझ्या उजव्या कानाच्या ऑडिओग्राममध्ये ४००० हर्ट्झपाशी रेषा खड्ड्यात गेल्यासारखी खाली येते. तो कागद पाहून मी दोन रात्री झोपले नव्हते. डॉक्टरांनी शांतपणे समजावले की निकषात ५००, १०००, २००० आणि ३००० हर्ट्झ पाहतात, आणि तिथे माझा कान ठीक होता. हाच प्रश्न मी दोन वर्षे आधी विचारला असता तर त्या दोन रात्री वाचल्या असत्या. ज्यांची श्रेणी मध्ये कधी खाली गेली असेल, मग ती पाठीमुळे असो की रक्तदाबामुळे, त्यांनी मेडिकल बोर्डाचे सगळे कागद स्वतःजवळ ठेवावेत आणि सेवेत असतानाच क्लास वन काढून पाहावे. निकाल वाईट लागायचाच असेल तर तो पगार चालू असताना लागलेला बरा.

येथवरचे सगळे मी ट्रान्सपोर्टवालीच्या नजरेने लिहिले. फायटरच्या वैमानिकाचे गणित वेगळे असते, कारण त्याची सॉर्टी तासाभराची आणि विमानात बहुतेकदा तो एकटा. १५०० चा आकडा गाठायलाच वर्षे जातात आणि दोघांनी मिळून विमान चालवण्याची सवय नव्याने लावावी लागते. हेलिकॉप्टरवाल्यांपुढे तर खरोखर दोन वाटा असतात. हेलिकॉप्टरचे चार हजार तास असले तरी एअरलाइनच्या दृष्टीने ते वेगळ्या जातीचे तास; विमानाचे सीपीएल वेगळे काढावे लागते. माझ्या कोर्समधला एक एमआय-१७ वाला वयाच्या सदतिसाव्या वर्षी बारामतीला अठरा-एकोणीस वर्षांच्या पोरांबरोबर सेस्नात बसला. दुसऱ्याने तो मार्ग धरलाच नाही. तो जुहूहून मुंबई हायच्या प्लॅटफॉर्मवर तेल कामगारांना घेऊन जातो. समुद्रात सुमारे १६० किलोमीटर आत, पावसाळ्यात खाली पांढरा फेस आणि समोर डोलणारा एवढासा हेलिडेक. मला विचाराल तर दोघांत जास्त कौशल्याचे काम तोच करतो. घरी रोज संध्याकाळी साडेपाचला पोहोचतो, हेही खरे.

पैशांची बाजू आपण मराठी माणसे लाजत बोलतो, म्हणून स्पष्ट लिहिते. एअरबस ए-३२० चे टाइप रेटिंग, म्हणजे ते विशिष्ट विमान उडवण्याची पात्रता, मी स्वतःच्या खर्चाने केले आणि त्याला पंधरा लाखांहून जास्त लागले. ग्रॅच्युइटीचा मोठा वाटा त्यातच गेला. मी बाहेर पडले तेव्हा १७ एप्रिल २०१९ ला जेट एअरवेजची उड्डाणे थांबून जेमतेम दोन-तीन महिने झाले होते आणि बोइंगचे शेकडो अनुभवी वैमानिक नोकरी शोधत होते. वर्षभरापूर्वी ज्या कंपन्या "कधीही या" म्हणत होत्या त्यांचे फोन लागेनात. डिसेंबरात निवड झाली, आणि माझे लाइन ट्रेनिंग, म्हणजे प्रत्यक्ष प्रवासी उड्डाणांवरचे प्रशिक्षण, अर्धवट असताना २५ मार्च २०२० ला देशातली प्रवासी उड्डाणे बंद झाली. ती दोन महिन्यांनी, २५ मे ला सुरू झाली, पण पहिली काही महिने थोडीच विमाने उडत होती आणि आमच्यासारखे अर्धवट शिकलेले लोक बिनपगारी रजेवर होते. प्रवाशांसह उडायचे तर आधीच्या ९० दिवसांत तीन टेक-ऑफ आणि तीन लँडिंग झालेली असावी लागतात. ती मुदत केव्हाच उलटून गेली आणि सिम्युलेटरपासून पुन्हा सुरुवात झाली. त्या काळात घर चालले ते नवऱ्याच्या पगारावर आणि मी हट्टाने बाजूला ठेवलेल्या वर्षभराच्या खर्चावर. हवाई दलात पगार एक तारखेला येतो ही गोष्ट सूर्य उगवण्याइतकी स्वाभाविक वाटते. किंगफिशर, जेट, गो फर्स्ट या नावांच्या पगाराच्या स्लिपा ज्यांच्याकडे आहेत त्यांना ती तशी वाटत नाही. नोकरी लागल्यावरही मोकळीक कमीच, कारण नियमाने को-पायलटला सहा महिन्यांची आणि कॅप्टनला वर्षाची नोटीस द्यावी लागते. तेव्हा पहिली कंपनी निवडताना पगाराच्या आकड्याआधी करारातला बाँड वाचावा.

सिम्युलेटरचे पहिले सत्र मी विसरणार नाही. माझा जोडीदार २३ वर्षांचा, एकूण तास २४०. त्याला एअरबसच्या स्क्रीनवरचा प्रत्येक रंग, प्रत्येक अक्षर पाठ होते. मी डाव्या सीटवर बसून नऊ वर्षे डाव्या हाताने योक (विमानाचे सुकाणू) धरला होता. आता उजव्या, म्हणजे को-पायलटच्या, सीटवर साइडस्टिक उजव्या हाताला आली आणि थ्रस्ट लिव्हर डाव्या हाताखाली. म्हणजे दोन्ही हातांनी आपापली कामे बदलून घेतली. ऑटोथ्रस्ट इंजिनांची शक्ती कमी-जास्त करतो तेव्हा ते लिव्हर जागचे हालतही नाहीत, आणि ज्या हाताला इतकी वर्षे लिव्हरच्या हालचालीतून इंजिन कळत होते तो हात आंधळा झाल्यासारखा वाटतो. पुढे समोर ढग दिसले तेव्हा मी सवयीने मान मागे वळवून मार्ग विचारला. एएन-३२ मध्ये मागे नेव्हिगेटर असतो, फ्लाइट इंजिनियर असतो. प्रशिक्षक म्हणाले, "मॅम, मागे मीच आहे, आणि मी काही सांगणार नाही." जोडीदार हसू दाबत होता. दोन दिवसांनी खराब हवेतल्या सत्रात तो गोंधळला आणि मी शांत होते, तेव्हा हिशेब बरोबर झाला. त्यानंतर रात्री हॉटेलात तो मला स्क्रीन शिकवायचा आणि मी त्याला ढग.

उजवी सीट हीच या सगळ्या नियोजनातली न लिहिलेली बाब आहे. एअरलाइनमध्ये ज्येष्ठता रुजू होण्याच्या तारखेपासून मोजतात. खांद्यावर पूर्वी काय होते याला तिथे रकाना नाही. माझ्या पहिल्या लाइन फ्लाइटचा कॅप्टन २९ वर्षांचा होता. मी सवयीने त्याला "सर" म्हटले, तो अवघडून म्हणाला, "प्लीज, नावाने हाक मारा." मी कॅप्टन होईपर्यंत साडेचार वर्षे गेली आणि त्यातले पहिले वर्ष मी मनातल्या मनात प्रत्येक निर्णय डाव्या सीटवरून घेत होते. हे थकवते. शिवाय हवाई दलात दरीत सामान पोहोचवणे हे आपले कर्तव्य असते आणि "जमवून आणणे" याला मान असतो. इथे १००० फुटांवर उतरण्याचा अप्रोच स्थिर नसेल तर गो-अराउंड करायचे, म्हणजे न उतरता पुन्हा वर चढायचे, त्याबद्दल कोणी जाब विचारत नाही; उलट जमवून आणलेले लँडिंग दुसऱ्या दिवशी विमानाच्या नोंदीतून बाहेर येते आणि मग खुलासा लिहावा लागतो. उड्डाणाआधीच्या श्वासचाचणीत काही सापडले तर पहिल्याच वेळी परवाना तीन महिने निलंबित, म्हणून खोकल्याचे औषध आणि माउथवॉशसुद्धा मी घरातून हद्दपार केले आहे. सासूबाई अजून आसव देऊ पाहतात.

ती ज्युनियर गेल्या शनिवारी रजेवर पुण्याला आली होती. सोबत लॉगबुके आणली होती. आम्ही जेवणाचे टेबल रिकामे केले, रजिस्टरवर रेघा मारल्या आणि दुपारी दोनपासून रात्री नऊपर्यंत तिचे २०१७ पर्यंतचे तास मोजून झाले. एका पानावर २५ मिनिटांचा फरक निघाला. त्या पानावर सही करणारे अधिकारी अजून सेवेत आहेत, हे ऐकून तिला हायसे वाटले. शेवटच्या वर्षाच्या पोस्टिंगसाठी बंगळुरूचे येलहंका मागायचे असे ठरले, कारण तिथे उडायला मिळेल. घरापासून लांब आहे हे तिने दोनदा बोलून दाखवले आणि तिसऱ्यांदा बोलली नाही. मग तिने वडिलांना फोन लावून दहावी-बारावीच्या गुणपत्रिका कुठे आहेत ते विचारले. त्या सापडल्या आहेत, पण बारावीच्या गुणपत्रिकेवर तिच्या आईच्या नावात एक वेलांटी चुकलेली आहे. सोमवारी ते कोल्हापूरच्या बोर्डात जाणार आहेत.